जर्मन पाद्री आणि आमच्या घरची सोयरीक

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

पोरगी म्हणते, लग्न करायचं नाही!

हातात चहाचा कप, आणि बातमी अशी सांगितली जशी दूध नासल्याची सांगतात. माघात साक्षगंध ठरलेलं. भावकीला मी स्वतः तोंडाने सांगितलेलं. दोन वर्षं ‘नाही-नाही’ करून शेवटी दसऱ्याला मी मान हलवलेली — आणि आता हे!

‘काऊन वं? भांडण झालं काय सुरेंद्रसंगं?’

‘नाई बाबा.’

‘त्याच्या घरचे काई बोलले?’

‘नाई.’

‘मंग?’

‘मी वाचून राह्यली बाबा. ते प्रेम नोतं. नुसती हुरहूर होती.’

वाचून! हुंड्यावरून मोडलेली लग्नं पाहिली, मानपानावरून मोडलेली पाहिली, एक तर वरणात मीठ जास्त झालं म्हणून मोडलेलं पाहिलं. वाचून मोडलेलं पहिल्यांदा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी दुकानात न जाता पोरीसमोर, दीपमालासमोर, खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, ‘कोन वाचला ते तरी सांग. माझी सोयरीक मोडनारा माणूस मले माहीत पाहिजे.’

माणूस निघाला पाद्री. जर्मनीतल्या कुठल्याशा खेड्यातला. मरूनही दीड-पावणेदोनशे वर्षं झालेला.

पोरगी हैदराबादला जर्मन शिकली, आता त्यातच प्रबंध लिहिते. शेवटचं प्रकरण राहिलंय म्हणून मावल्याला घरी आली. तिच्या सांगण्याप्रमाणे तिकडे एकेकाळी कवींची लाट आली होती. चांदणं, रान, पडकी देवळं, धुकं, दूर गेलेली सखी. मराठीत त्याला स्वच्छंदतावाद म्हणतात म्हणे. आमच्याकडे स्वच्छंद म्हणजे घरी न सांगता हिंडणारा. ती हसली. म्हणाली, ‘तसेच होते बाबा थोडेसे.’

तर धर्माची माणसं या कवींवर तुटून पडली. कोणी म्हणे हे देवाची जागा कवितेला देतात. कोणी म्हणे काही कवी तर घंटा आणि मेणबत्त्या आवडल्या म्हणून पंथ बदलून बसले, श्रद्धेचा पत्ता नाही. आणि हा खेड्यातला पाद्री! दीपमालाने त्याची प्रवचनं कुठल्या तरी जुन्या पेटाऱ्यातून शोधून काढलीत. तो कवींना म्हणतो, ‘तुम्हाला देव नको, देवळातला धूप हवा.’ आणि म्हणतो, हे लोक सखीवर प्रेम करत नाहीत, स्वतःच्या उसाशावर करतात.

हे वाक्य वाचून दाखवताना पोरीचा आवाज किंचित खाली गेला. मी साऊंडवाला. सायकलीला भोंगा बांधून सिनेमाची जाहिरात पुकारत फिरायचो, आज जिल्ह्यात सप्ताह असो की पुढाऱ्याची सभा, माईक माझा. माणूस काय बोलतो ते सगळ्यांना ऐकू येतं; आवाज कुठे खाली गेला ते मला ऐकू येतं. ती पाद्र्याचं वाचत नव्हती. स्वतःचं वाचत होती.

२४ नोव्हेंबर, रविवार

पाद्र्याशी माझं पहिलं भांडण. मध्ये दीपमाला, दुभाषी म्हणून.

तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तिघं. मी म्हणालो, ‘त्या पाद्र्याले सांग, तुझी आई भजनी मंडळात गौळन म्हनते. राधा काय करते गौळनीत? उसासेच टाकते ना? आन् आपन त्याले भक्ती म्हनतो!’

तिची आई मालन म्हणाली, ‘बरोबर बोलले हे. आज कधी नाई ते.’

दीपमालाला हेच हवं होतं जणू. म्हणाली, ‘तेच तं बाबा! राधेले विचारा, कोनासाठी? ते नाव सांगते. या कवींले विचारा, कोनासाठी? तं म्हनते, माहीत नाई, पन आतून काई तरी ओढून राह्यलं. त्याईचा शब्दच हाय तसा, झेनझुख्त.’

‘शिंक आल्यासारका शब्द हाय हा.’

‘ऐका ना! पाद्री म्हनते, ज्याले नाव नाई त्याची पूजा म्हंजे सोताचीच पूजा.’

  चिडलो होतो, आणि वरून पोरीचा अभिमानही वाटून राह्यला — काय जात आहे माणसाची!

शेवटी विचारलं, ‘बायको होती काय पाद्र्याले?’

‘होती. पाच लेकरं होती.’

‘मंग त्याले हुरहुरीले सवड कुठली वं!’

मालन इतकी हसली की सोललेल्या दाण्यांचं सूप लवंडलं. दीपमालाही हसली. पण दाणे वेचताना म्हणाली, ‘हसा तुमी. त्याचं उत्तर नाई तुमच्यापाशी.’



२८ नोव्हेंबर, गुरुवार

एका लग्नात आज वायरी उलट्या जोडल्या. मंगलाष्टकं सुरू आणि भोंगा मुका! आयुष्यात असं झालं नव्हतं. पाद्री डोक्यात बसलाय.

१ डिसेंबर, रविवार

थंडी पडली. शेकोटीपाशी बसून सुरेंद्रचा विचार करत होतो.

पोरगा मंचेरियलचा, खाणीत नोकरीला. तेलुगू घर, आपली जात नाही, भाषा नाही; मराठी समजतं त्याला, बोलतो मात्र हिंदीत. हैदराबादला कॉलेजात ओळख झाली दोघांची. मी नाही म्हणालो तर हा सुट्टीच्या दिवशी पहाटेची बस धरून यायचा आणि दुकानासमोर धुक्यात उभा राहायचा. नमस्कार करायचा, ‘मामय्या’ म्हणजे मामंजी म्हणायचा, माझं ‘नाही’ ऐकायचा, मान खाली घालून परत. पुढच्या सुट्टीला पुन्हा हजर! माझ्या होकारासाठी शनिवारचा उपास धरायचा. दीपमालाला गाणी म्हणून पाठवायचा — गळा बरा आहे, सुरात थोडा वर चढतो. मी वरून दगड, आतून पाघळत होतो.

दसऱ्याला त्यांच्याकडची जम्मीची, म्हणजे शमीची पानं घेऊन आला. मी आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली आणि म्हणालो, ‘ये माघात आई-वडिलांले घेऊन.’ डोळे भरले त्याचे.  कितीतरी वेळ पानं हातात धरून नुसता उभा.

तेव्हापासून इकडे फिरकला नाही. शिफ्ट वाढल्यात म्हणतो. बिचारा! पोरीचा थंडपणा पोचला असणार. भिंतीआडून मला ऐकू येतं ना — आधी फोनवर तासतास कुजबुज चालायची, मध्येच हसणं. आता ‘जेवला काय? बरं. ठेवते.’ संपलं.

आणि अजून तिने त्याला सांगितलेलं नाही. ‘धडा पुरा होऊ द्या, मंग सांगीन’ म्हणते. धडा कोणाचा, पाद्र्याचा की तिचा, देव जाणे.

४ डिसेंबर, बुधवार

मालन भाकर थापता थापता म्हणाली, ‘तुमी आडवे होते तवर पोरीचं बरं चाललं होतं. तुमी हो म्हनलात आन् बिनसलं.’

बोलून गेली आणि तव्यावरची भाकर उलटली. मला मात्र ते वाक्य दिवसभर पुरलं.

म्हणजे पाद्रीच खरा? मी दार लावून बसलो होतो म्हणून ही दोघं दाराला धडका देत होती? दार उघडलं आणि आत काहीच नाही?

नाही पटत. माझ्या कानांनी ऐकलेलं आहे ते हसणं.

१४ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती

करून बसलो एक गोष्ट. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच खरी वाटेल.

नार्नूरला दत्ताच्या भजनाला साऊंड होता. दुपारी लोक आपल्या गप्पांत, बाया लेकरांत, भजनाकडे कुणाचं लक्ष नाही. मध्येच जनरेटर बसला. भोंगा गेला — आणि सगळ्या मंडपाने मान वळवली! चालू होतं तोवर कुणी ऐकत नव्हतं. बंद पडलं तसं सगळ्यांना पाहिजे झालं. जनरेटर सुरू होईपर्यंत मी तिथेच उभा, आणि डोक्यात हे: पोरीचंही असंच असेल तर? मी पुन्हा ‘नाही’ म्हटलं तर? दार पुन्हा लावलं तर तिचं तिलाच कळेल ना काय पाहिजे ते!

घरात बोलून उपयोग नव्हता. घरातलं माझं ‘नाही’ पोरगी हसण्यावारी नेते. आमच्यात शब्द पक्का होतो तो भावकीच्या ओट्यावर. उद्धवदादा माझा चुलतभाऊ, वडीलधारा, नार्नूरलाच शेती. भजन झाल्यावर त्याच्या ओट्यावर चार म्हातारे बसले होते. गेलो, बसलो, सुपारी घेतली आणि म्हणालो, ‘दादा, दीपमालाची मंचेरियलची सोयरीक होत नाई. मी मोडली.’

उद्धवदादा उभाच राहिला. ‘शाब्बास मानक्या! आता कसा घरातल्या मानसावानी बोलला! मले त पहिल्यापासून घास उतरत नोता.’ मिठी मारली मला! म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी नाटक करायला गेलो होतो, आणि सगळे इतके खूश की मी उठून वायरी गुंडाळायला पळालो.

मी मावल्याला पोचायच्या आत बातमी पोचलेली होती.

१५ डिसेंबर, रविवार

वाटलं होतं रडेल, भांडेल, ताट सारेल.

म्हणाली, ‘बरं.’

बरं! वर विचारते, ‘चहात आलं टाकू काय?’

नंतर भिंतीआडून ऐकलं. ‘बाबा नाई म्हनते… हो, पुन्हा… नाई, मी ठीक हाय… जेवला काय? बरं.’ त्यातलं ‘जेवला काय’ जरा लांबलं होतं. की मला वाटलं?

१६ डिसेंबर, सोमवार

सुरेंद्र पहाटेच्या बसने येईल अशी खात्री होती. दुकान लवकर उघडून बसलो, दोघांचा चहा सांगून ठेवला. धुकं होतं, रस्ता होता, पोरगा नव्हता.

दुखावला असेल. माणसाने किती वेळा यावं?

१९ डिसेंबर, गुरुवार

उद्धवदादाचा फोन. स्थळ आणलंय! किनवटचं. मास्तर आहे, आपल्यातला, घरी कापसाचं रान. ‘येत्या इतवारी पाहाले येते. तू निस्ते पोहे कर.’

‘दादा, पोरीचं लिहिणं चालू हाय —’

‘लिहू दे ना! पोहे काय ते लिहून करते?’

मालनला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुमी नाटक करून राह्यले ना?’

‘हो.’

‘मंग ते उद्धवभाऊले सांगा. त्याईनं तिकीट काढलं सगळ्यांचं.’

२१ डिसेंबर, शनिवार

खोटं बोललो — घरात सगळे तापाने पडलेत म्हणून सांगितलं. उद्धवदादा म्हणाला, ‘मंग पुढच्या इतवारी. एकोणतीसले. त्याच्याफुडं नाई.’

दीपमाला आतून ऐकत होती. काही बोलली नाही. पाद्र्याचं पान उलटल्याचा आवाज आला.

चिडलो आहे. सगळ्यांवर. उसासे टाकणाऱ्या कवींवर, त्यांना झोडपणाऱ्या पाद्र्यावर, ‘बरं’ म्हणणाऱ्या पोरीवर, न येणाऱ्या पोरावर. सर्वात जास्त जनरेटरवर.

२५ डिसेंबर, बुधवार

गावातल्या चर्चला नाताळाचा साऊंड माझाच असतो. सकाळची प्रार्थना झाली, वायरी गुंडाळत होतो. पास्टर केक घेऊन आले. भला माणूस, तेलुगू. माझ्याशी हिंदीत बोलतो. म्हटलं, आता सोडायचं नाही, पाद्र्याला पाद्री भेटला पाहिजे! सगळं सांगितलं. कवी, धूप, हुरहूर, पोरगी, ओटा, किनवटचा मास्तर.

ते केकची ताटली हातात धरून ऐकत होते. मी विचारलं, ‘तो पाद्री बरोबर था क्या?’

म्हणाले, ‘बरोबर तो था. हम लोग भी यही बोलते, खाली भावना को भगवान मत समझो. लेकिन वो तो अपने गांव के लोगों को बोल रहा था ना, माणिकराव. आपकी बेटी को थोड़ी पहचानता था.’ मग हसले. ‘आपने जर्मनी का पाद्री पूछा, नार्नूर के बुड्ढे पूछे, अब मेरे को भी पूछ लिए. बेटी को पूछे क्या?’



खरंच विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी ‘काऊन’ म्हणालो तेवढंच. नंतर सगळा वेळ पाद्र्याशी भांडत होतो.

२६ डिसेंबर, गुरुवार

आज विचारलं. आधी कबूल केलं, माझं ‘नाही’ खोटं होतं, तुला पेटवायला म्हटलं होतं.

‘माहीत हाय. आईनं सांगितलं.’

‘कवा?’

‘गेल्या इतवारी. आईले सांगितल्याबिगर राह्यवते काय?’

तरी ही गप्प बसली! मी म्हणालो, ‘पोरी, मले आता तुझा पाद्री नको. तुझं सांग.’

अंगणात उन्हात बसलो होतो.  ती जे बोलली ते जमेल तसं लिहून ठेवतो.

‘तुमी ओट्यावर नाई म्हनलं, हे मले फोनवर कळलं तवा घरात मी एकलीच होती. मी वाट पाह्यली, बाबा. म्हनलं, पाह्यू आता छातीत काई पेटते काय. दोन वर्सं पेटत होतं ना. तुमी नाई म्हनलं की रडू, गानी, चांदन्याकडं पाह्यत बसनं. म्हनलं, आता तेच झालं तं पाद्री खरा, आन् मी बी त्या कवींपैकीच एक.’

‘मंग?’

‘काईच नाई पेटलं. रडू नाई, काई नाई. निस्तं आठोलं, आज त्याची दुपारची शिफ्ट हाय. खाली उतरला असन. वर कवा येते? वर येते तवर ध्यान तिकडंच राह्यलं. ते दुसऱ्या दिवशी बी तसंच. रोजच. याच्यात हुरहूर नाई बाबा. हे लय बारीक हाय, याले आवाजच नाई. पन —’ आणि इथे तिने वर पाहिलं, ‘याले नाव हाय. कोनासाठी म्हनून विचारलं तं मले सांगता येते.’

 मी म्हणालो, ‘म्हंजे पाद्री हरला?’

‘नाई नाई! पाद्री बरोबरच हाय. मी तेच लिहिलं धड्यात. हुरहुरीबद्दल तो खरा हाय. पन हुरहूर विझल्यावर खाली काई उरते का, हे त्यानं कोनाले विचारलंच नाई. शेवटचं पान सकाळी लिहिलं. धडा झाला.’

‘सुरेंद्रले सांगितलं?’

‘नाई. तुमी सांगा. नाई तुमी म्हनलं, हो बी तुमीच म्हना.’ आणि हसली. खूप दिवसांनी ते हसणं!

मालन दारातच उभी होती. आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

उद्या सकाळी आधी सुरेंद्र, मग उद्धवदादा. दादा शिव्या घालेल. घालू दे. आज कोणीही घाला!

२७ डिसेंबर, शुक्रवार

चहा घेतला आणि अंगणात जाऊन सुरेंद्रला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हणालो, ‘बेटा, मेरा वो नहीं बोलना झूठा था. साक्षगंध पक्का.’



तो म्हणाला, ‘मामय्या, सच बोलूं क्या? आप नहीं करके बोले ना, उस दिन मैं बहुत दिन के बाद चैन से सोया. दो साल आपके सामने आके खड़े रहना — वो मेरे को अच्छा लगता था. दशहरे को आप हां बोले, तब से समझ में नहीं आया अब क्या करूं. दीपा को बोलने की हिम्मत नहीं हुई. आप बोल दिए, अच्छा हुआ.’

रडत नव्हता. भांडत नव्हता. आवाज हलका होता, ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा. ‘माफ करना मामय्या’ म्हणाला आणि फोन ठेवला.

आत मालन विचारून राह्यली, हिरवा शालू की मोरपंखी? दीपमाला म्हणते, ‘थांब ना आई. बाबाले आत येऊ दे.’